नोटिशीतला ‘हू’

सेक्रेटरी (ए-१०१): नोटीस. ‘मेंबर्स हू हॅज नॉट पेड द मेंटेनन्स आर रिक्वेस्टेड टु पे बाय द टेन्थ. वन ऑफ द लिफ्ट्स आर अंडर रिपेअर.’

बी-४०३: सर, पैसे आज भरते. पण तेवढं ‘हू हॅव’ करा आणि लिफ्टला ‘इज’. मुलं उभी राहून वाचतात हो बोर्ड.

सेक्रेटरी: मॅडम, ‘हू इज देअर’ म्हणतो ना आपण? ‘हू’ एकवचनीच की.

बी-४०३: तो प्रश्नातला ‘हू’. दाराबाहेर किती जण आहेत ते ठाऊक नसतं, म्हणून इंग्रजी एकवचन धरते. मीटिंगला पन्नास जण येणार असले तरी ‘हू इज कमिंग’च. समोर माणसं दिसत असतील तर मात्र ‘हू आर दोज पीपल’. नोटिशीतला ‘हू’ वेगळा, त्याला स्वतःचं वचन नाही. मागे मेंबर असेल तर हॅज, मेंबर्स असतील तर हॅव.

सी-२०२: आणि लिफ्ट? लिफ्ट्स तर दोन आहेत.

बी-४०३: काका, बिघडलीय एक. कर्ता ‘वन’, म्हणून इज. ‘ऑफ’च्या पुढचं नाम क्रियापदाच्या अगदी शेजारी बसतं आणि आपण फसतो.

सी-२०२: मग ‘ही इज वन ऑफ द मेंबर्स हू हॅव नॉट पेड’ हे चूक?

बी-४०३: नाही, ते बरोबर! न भरणारे अनेक, त्यातला हा एक, म्हणून ‘हू’ मेंबर्सकडे बघतो. इंग्रज मंडळीही इथे सर्रास हॅज म्हणतात, पण मी पेपर तपासताना हॅवलाच पूर्ण मार्क देते.

सी-२०२: ‘ही’ म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलंय 😄

ए-६०४ (लेस्टर, इंग्लंड): इकडून एक भर घालतो. इथे ‘द टीम आर’, ‘द कमिटी आर’ बिनधास्त चालतं. क्रिकेट कॉमेंट्रीत ‘इंडिया आर १२० फॉर ३’ ऐकता ना, तेच. अमेरिकन लोक मात्र ‘द टीम इज’ म्हणतात.

सेक्रेटरी: म्हणजे ‘द कमिटी हॅव डिसायडेड’ चालेल?

बी-४०३: ब्रिटिश पद्धतीत चालेल. फक्त एकाच नोटिशीत वर हॅव आणि खाली हॅज नको.

ए-३०२: काकू, माझी दहावी आहे. काल मी ग्रुपवर ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द वॉचमन’ टाकलं, तर दादा हसला. का?

बी-४०३: ‘व्हेअर द वॉचमन इज’ हवं होतं, बाळा. नुसता प्रश्न असेल तर क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: व्हेअर इज द वॉचमन? पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम सरळ होतो. इनडायरेक्ट स्पीचमध्ये हमखास मार्क जातात ते इथेच. मराठीत ‘वॉचमन कुठे आहे?’ आणि ‘वॉचमन कुठे आहे माहीत नाही’, दोन्हीकडे क्रम तोच. इंग्रजी प्रश्नासाठी शब्द उलटे करायचं आपण लहानपणी इतकं घोकतो की पुढे ते सरळ करायला हात धजावत नाही.

ए-६०४ (लेस्टर): पण आयर्लंडकडची माणसं बोलताना ‘आय आस्क्ड हिम वॉज ही कमिंग’ असं सहज म्हणतात. तिथल्या इंग्रजीत ते रूढ आहे.

सेक्रेटरी: मी आयरिश आहे हे आधी सांगायला हवं होतं.

बी-४०३: बोर्डाच्या परीक्षेला आयरिश सवलत नाही, सर.

डी-५०१: आता माझं. ‘हू डिड टुक माय पार्सल’ असं लिहिलं होतं. टिंगल नको, पार्सल अजून मिळालेलं नाही.

बी-४०३: ‘हू टुक माय पार्सल’. करणाराच कोण ते विचारायचं असेल तर ‘डिड’ लागत नाही, ‘हू’च कर्ता. ‘वॉचमनने कोणाला दिलं’ विचारायचं तर कर्ता वॉचमन, म्हणून ‘हू डिड द वॉचमन गिव्ह इट टु’. डिड आलं की पुढे टुक नाही, टेक.

सी-२०२: या डू-डिडशिवाय इंग्रजांचं चालत नव्हतं का?

बी-४०३: चालत होतं की. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘व्हाय वीपेस्ट दाऊ’ आहे, आजचं ‘व्हाय आर यू वीपिंग’. ‘व्हिदर गोएस्ट दाऊ’सुद्धा आहे. प्रश्नातलं डू तेव्हा वापरात होतं, पण सक्तीचं नव्हतं. ती सक्ती हळूहळू पुढे आली.

सेक्रेटरी: सुधारित नोटीस. ‘मेंबर्स हू हॅव नॉट पेड आर रिक्वेस्टेड टु पे बाय द टेन्थ. वन ऑफ द लिफ्ट्स इज अंडर रिपेअर. एनीवन हू नोज व्हेअर द पार्सल ऑफ डी-५०१ इज, प्लीज इन्फॉर्म.’

बी-४०३: ‘नोज’ला एस बरोबर लावलात. एनीवन एकवचनी.

डी-५०१: पार्सल सी विंगच्या जिन्याखाली सापडलं. ‘इज’चं ‘वॉज’ करा.