क्लायंटसमोरचं ग्रुप प्रपोजल: तुमचे अनुभव

काल मुलगी मैत्रिणींबरोबर कॉलेजच्या प्रोजेक्टच्या स्लाइड्स जुळवत होती. "आपापला भाग करूया, शेवटी जोडू," हे कानावर आलं आणि पोटात गोळा आला. आमच्या पहिल्या प्रपोजलला आम्हीही हेच म्हणालो होतो. सारांशात मी लिहिलं 14 आठवडे. वेळापत्रकात सहकाऱ्याने टेस्टिंग वाढवून 16 केले, मला पत्ताच नाही. खर्च तिसऱ्याने 14 वर धरलेला. क्लायंटकडच्या बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि शांतपणे विचारलं, "यातलं खरं कुठलं मानू?" काम गेलं. तेव्हापासून आदल्या दिवशी एकाच माणसाने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, यावर मी अडून बसते. तुमचंही लिहा.

*

काटा आला वाचून. आमच्याकडे एका प्रश्नाला तिघांनी एकदम उत्तर दिलं, तीन वेगळी! आता आधीच वाटून घेतो. पैशांचं एकाने, तांत्रिक दुसऱ्याने, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

*

दोन लिफाफ्यांचं टेंडर होतं, टेक्निकल माहिती एकात आणि दर फक्त दुसऱ्या, फायनान्शियल लिफाफ्यात. टेक्निकलमध्ये एका तक्त्यात चुकून दर राहिला. फायनान्शियल लिफाफा उघडलाच नाही, थेट बाद. तीन आठवडे सगळे रात्री जागले होते हो. अजून वाईट वाटतं.

*

अरेरे :(

*

फॉन्ट!! मराठी स्लाइड्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्यांच्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नाही, पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडच वापरा, फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा (म्हणजे फाइलसोबतच जातो), सोबत पीडीएफ ठेवाच.

*

एम्बेड मॅकवर होतं का?

*

पॉवरपॉइंट 2019 पासून होतं. पण काही फॉन्टच्या परवान्यात एम्बेड करायला परवानगी नसते, म्हणून पीडीएफ म्हटलं.

*

गाय कावासाकी या अमेरिकन लेखकांचा 10-20-30 चा नियम आठवला: 10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटचा फॉन्ट. त्यांनी गुंतवणूकदारांसाठी सांगितला होता, पण आम्हाला क्लायंटपुढेही उपयोगी पडला. वेळ 20 मिनिटांची असली तरी तयारी 12 चीच करतो, कारण मुख्य साहेब उशिरा येतात आणि लवकर उठतात. कामाचं आधी सांगायचं. कंपनीचा इतिहास मागे, कोणी विचारला तर. बाळ उठलं, उरलेलं नंतर लिहिते.

*

जरा वेगळं विचारते. सोमवारी मी टीमतर्फे पहिल्यांदा बोलणार आहे, फक्त दोन स्लाइड. आत्तापासून हात थरथरतायत.

*

अगं, पहिली दोन वाक्यं तोंडपाठ कर, पुढचं आपोआप येतं. आणि आपल्याआधी कोण बोलणार, तो कुठल्या वाक्यावर थांबणार, ते आज विचारून घे. दोघांच्या मधल्या जागेतच गडबड होते.

*

हे विचारलंच नव्हतं. आत्ता मेसेज करते त्याला.

*

सोमवारी इथे येऊन सांग हं. वाट बघतोय सगळे.

*

नक्की ताई.