स्टिल्टमधली एमजीबी: ग्राइंडर, बंपर आणि दुपारची झोप

(सोसायटीच्या ग्रुपवरचा संवाद. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये नाईक आपली एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दुरुस्त करताहेत.)

शांताकाकी ए-१०१: दोन ते चार ग्राइंडर बंद, हे जनरल बॉडीत ठरलेलं आहे. आता पावणेतीन वाजलेत. स्टिल्टमध्ये ठिणग्या उडताहेत, गाडीत पेट्रोल. जबाबदार कोण?

नाईक बी-२०४: थांबवलं काकी. पेट्रोलची टाकी आधीच काढून बाहेर ठेवलीय, बॅटरीही सोडवलीय. बंपरचे गंजलेले बोल्ट कापत होतो. उद्या पुढच्या फेंडरांना (चाकांवरच्या पत्र्यांना) साइडलाइटची भोकं पाडली की झालं.

गावकर सी-३०२: म्हणजे रबर बंपर काढून क्रोम लावणार? नाईकबाब, ७७ ची गाडी ७० ची दाखवायची कशाला? १९६२ ते १९८० एकच गाडी बदलत गेली. काळे बंपर १९७४ ला आले, तोही तिचाच इतिहास.

नाईक बी-२०४: इतिहास नव्हे, सक्ती. अमेरिकेच्या बंपरच्या आणि दिव्यांच्या उंचीच्या नियमांपायी गाडी इंच-दीड इंच वर उचलली. डिझायनर डॉन हेटरने काढलेला तिचा बसका घाट गेला. त्यातच रोडस्टरचा (बिनछपराच्या गाडीचा) पुढचा अँटिरोल बार, म्हणजे वळणावर कलणं रोखणारा दांडा, काढला, मग कलणारच.

गावकर सी-३०२: ७७ च्या मॉडेलला पुढचा बार जाड करून परत दिला, मागेही एक दिला. तुमच्या गाडीला दोन्ही असायला हवेत, आधी खाली वाकून बघा.

शेट डी-००२: त्या ग्राइंडरपायी काल पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकूच आला नाही. घरात पाव नाही 😄

शांताकाकी ए-१०१: दोन ते चार ग्राइंडर बंद.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, विषय व्हिजिटर पार्किंगच्या जागेचा आहे. ती जागा कधी मोकळी होणार?

शेट डी-००२: त्या जागेत टँकरचा पाइपही पडून असतो, त्याची नोटीस कधी निघाली नाही.

सेक्रेटरी: शेटबाब, तो विषय मीटिंगमध्ये.

देसाई सी-१०४: नुसते बंपर बदलून क्रोमची गाडी होत नाही. पुढची व्हॅलन्स (बंपरखालचा पत्रा), ग्रिल, बंपरचे ब्रॅकेट लागतात, मागच्या फेंडरांचे खालचे कोपरे पत्र्याने भरावे लागतात. उंची तशीच ठेवली तर गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते. पुढे आखूड स्प्रिंग, मागे एक्सल आणि लीफ स्प्रिंगच्या मधे ब्लॉक, त्याला लांब यू-बोल्ट. जुना क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) घालायचा असेल तर स्टिअरिंग रॅक कॉलमच्या रेषेत आणायला शिम (पातळ पट्ट्या) बसवा. रेषा चुकली की दोघांना जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट अडकतो आणि लवकर जातो.

गावकर सी-३०२: आणि भोकं पाडूच नका! पुढचे फेंडर बोल्टचे आहेत. क्रोमच्या काळातले मागवा, तुमचे ग्रीस लावून ठेवून द्या. उद्या कुणाला गाडी परत ७७ ची करायची असेल तर करता येईल. मागचे वेल्डिंगचे, तिथे इलाज नाही.

शांताकाकी ए-१०१: म्हणजे पुढे ग्राइंडर लागणारच नाही? मग हे आधी का नाही सांगितलं?

गावकर सी-३०२: काकी, मला कुणी विचारलंच नाही.

देसाई सी-१०४: बंपरआधी सिल, म्हणजे दारांखालचे पोकळ पत्रे, तपासा. आधीच्या मॉडेलला, एमजीएला, खाली वेगळी चॅसी होती, एमजीबीला नाही. रोडस्टरला छप्पर नाही, सगळी ताकद सिलमध्ये. बाहेरचा पत्रा चकचकीत आणि आतला कॅसल रेल (सिलचा खालचा भाग) कुजलेला, असं सर्रास सापडतं. वरून ठिगळ लावलं की पाणी आत कोंडतं. आपल्या खाऱ्या हवेत एक पावसाळा पुरतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत नळी टॅक करा (तात्पुरती वेल्ड करा), नाहीतर बॉडी मधे बसते आणि दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू.

नाईक बी-२०४: पायाशी पाणी साचतंय, तेही सिलमुळेच का?

देसाई सी-१०४: बहुतेक नाही. काचेपुढच्या जाळीखाली निचऱ्याची नळी आहे, ती पानांनी तुंबते. तुमची गाडी आंब्याखालीच असायची. खालून लवचीक तार घालून साफ करा.

सेक्रेटरी: व्हिजिटर पार्किंग?

नाईक बी-२०४: फेंडर येईपर्यंत गाडी माझ्याच जागेत ढकलतो, माझी रोजची बाहेर लावतो. मागच्या कोपऱ्यांचं काम शनिवारी, दहा ते एक.

शांताकाकी ए-१०१: एक म्हणजे एक. आणि दोन ते चार...

शेट डी-००२: ग्राइंडर बंद 🙏

गावकर सी-३०२: नाईकबाब, काळे बंपर भंगारात देऊ नका. आत लोखंड आहे, उभे टेकवले तर रबर वाकतं. आडवे ठेवा.