प्रतिसाद: शून्याचा 'नॉट' आणि नकाराचा 'नॉट'

इंग्रजीतला शून्याचा 'नॉट' (naught) आणि नकाराचा 'नॉट' (not) यांत फक्त उच्चारसाम्य आहे, असं ज्या लिखाणाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय. पण मूळ एकच आहे. जुन्या इंग्रजीत 'ना' म्हणजे कधीच नाही, 'विह्ट' म्हणजे वस्तू. जोडून 'नाविह्ट', अर्थात काहीही नाही. तो झिजून शून्याचा 'नॉट' झाला. वाक्यात आघात न येता आणखी आखडला, तो नकाराचा. 'नॉटी'सुद्धा (naughty) यातलाच: आधी 'जवळ काही नसलेला', मग 'दुष्ट', खोडकर मुलाचा अर्थ 17 व्या शतकातला.

गंमत पुढे आहे. 'अ नॉट' (a naught) चुकीच्या जागी तोडून 'अ‍ॅन ऑट' झालं ('अ नेप्रन'चं 'अ‍ॅन एप्रन' झालं तसंच), आणि मुळात 'काहीतरी' अर्थाचा 'ऑट' (aught) शून्यासाठीही रुळला! 'झीरो'चा वंश मात्र वेगळा: आपलं शून्य, अरबी 'सिफ्र', लॅटिन 'झेफिरम'.