रोजच्या खिशातला घडीचा चाकू: लॉकवाला की बिनलॉकचा?

रंकाळा_काठ: मंडळी, माझं मत सरळ सांगतो. रोज खिशात ठेवायला छोट्या पात्याचा, स्टेनलेस आणि बिनलॉकचाच चाकू पायजे; लॉक म्हणजे उघडलेलं पातं मिटू नये म्हणून अडवून धरणारी सोय. माझ्याकडं व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा स्विस चाकू आहे, मिटल्यावर ९१ मिलिमीटर, दोन पाती नि कात्री. दिवसभरात कापायचं काय असतंय, कुरिअरचा टेप, दुधाची पिशवी, पोत्याची सुतळी, डब्यातलं सफरचंद, त्याला लॉक कशाला लागतंय? आणि चारचौघांत काढला तर कुणी दचकू नये हे मला लई महत्त्वाचं वाटतं, लाल मूठ बघून लोक उलट कात्री मागायला येतात. हल्ली जो तो नुसतं स्टीलचं नाव बघून चाकू घेतोय ते पटत नाही.

उद्यमनगर_डायवाला: दादा, स्टील नाही बघायचं तर काय बघायचं? चाकू म्हणजे पातंच की. तुमचं पातं ५६ एचआरसीच्या (स्टीलच्या कडकपणाचं माप) आसपास, चार खोकी कापली की धार बसली. माझा डी२ स्टीलचा आहे, म्हणजे आपण डाय (कारखान्यातले साचे) बनवायला वापरतो तेच एचसीएचसीआर, जास्त कार्बन नि जास्त क्रोमियमचं. दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम, ६० पर्यंत कडक होतं. दिवसभर पुठ्ठा नि पॅकिंगच्या पट्ट्या कापतो तरी धार हलत नाही. लायनर लॉक आहे, म्हणजे मुठीतली पातळ पट्टी पात्याला मागून अडवते; एका हातात कामाचा नग धरून दुसऱ्या हातानं उघडतो आणि मिटतो पण.

रंकाळा_काठ: मग १२ टक्के क्रोमियम असून डी२ गंजतो का तेपण सांगा की. कार्बन एवढा की बरंच क्रोमियम कार्बाइडमध्येच (कार्बनशी जुळून झालेले कडक कण) अडकतं, गंज अडवायला उरतं कमी. आणि ती कार्बाइडं मोठी, साध्या दगडावर धार लावायला बसलं की संध्याकाळ होते. माझं पातं कुरुंदाच्या दगडावर चहा होईपर्यंत तयार.

राधानगरी_रोड: लॉक नको म्हणणाऱ्यांनी भर पावसात, चिखलाच्या हातानं ठिबकची नळी कापून बघावी. बिनलॉकमध्ये पातं नुसतं पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उभं असतंय, टोक रुतलं आणि उलटा जोर पडला की मिटतंय ते थेट बोटावर. माझा ओपिनेल कंपनीचा ८ नंबर, कार्बन स्टीलचा, साडेआठ सेंटिमीटर पातं. मुठीच्या तोंडाशी असलेलं कडं फिरवलं की पातं पक्कं, १९५५ पासून तेच कडं आहे. आणि पातं एवढं पातळ की पेरूची फोड कागदासारखी निघत्या, जाड पात्याचे चाकू फळ कापत न्हाईत, फोडत्यात.

पन्हाळा_पायथा: भावा ओपिनेल चांगला, पण आपल्या पावसाळ्यात? बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ ओल धरून फुगते नि पातं आत आवळून बसतं, नखानं निघत नाही. कैरी कापली की पातं काळं. मला तर प्लॅस्टिकची मूठच बरी वाटते.

राधानगरी_रोड: काळं पडणं म्हणजे गंज न्हवं, उलट तो थर बसला की तांबडा गंज कमी धरतोय. पातं अडकलं तर मुठीचं मागचं टोक लाकडावर ठोकायचं, पातं जरा वर येतंय. सांध्यात व्हॅसलिन, पात्याला खोबरेल तेल, झालं.

डावखुरी_शाहूपुरी: तुम्ही सगळे उजव्या हाताचे दिसताय. लायनर लॉकची पट्टी उजव्या अंगठ्यासाठीच असते, नखाची खाच पण बहुतेक चाकूंना उजव्यांच्याच सोयीची. मी हाराफुलांचं काम करते, दिवसभर दोरा आणि देठ. मला मुठीच्या पाठीवर लॉक आणि पात्याला गोल भोक असलेला आवडतो, स्पायडर्को कंपनीनं १९८१ ला आणलं ते भोक, कुठल्याही अंगठ्यानं उघडतं. तुमच्या स्टीलच्या वादात हाताचा विचार कुणीच केला नाही.

बिंदू_चौक: कायद्याचं पण बघा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला शस्त्र नियम लागतात, घरगुती नि शेतीची हत्यारं सोडून. आपले सगळे त्याच्या कितीतरी आत. तरी देवळाच्या गर्दीत नेऊ नये, विमानात तर हँडबॅगेत चालतच नाही. ब्रिटनमध्ये कारण न देता खिशात ठेवायचा तर ३ इंचांपर्यंतचा बिनलॉकचाच चालतो, म्हणून दादांचं म्हणणं मला पटतं.

उद्यमनगर_डायवाला: ब्रिटनच्या कायद्यावर उद्यमनगरात चाकू का निवडायचा? ताई, तुमचा मुद्दा मात्र बरोबर. तुम्ही आडव्या पिनचं लॉक बघा, बेंचमेड कंपनीनं १९९८ ला बाजारात आणलेलं, आता बऱ्याच कंपन्या तसलंच देतात. दोन्ही बाजूंनी सुटतं, आणि मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही.