आपल्या गल्लीतलं लिहायला मुलांना धीर देतील अशी पुस्तकं सुचवा

ओवी:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत न्यूअर्कला सरकारी शाळेत दहावीला इंग्रजी शिकवते. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय, काही डॉमिनिकन, दोन-चार आपली देशी. लिहितात झकास, पण पात्रं सगळी गोरी, एमिली नाहीतर जॅक, व्हरमाँटच्या लाकडी घरात शेकोटीपाशी बसलेली. एक मुलगा शाळा सुटली की मावशीच्या वेण्या घालायच्या दुकानात बसतो. एकेका डोक्याला पाच-पाच तास लागतात, तेवढ्यात गिऱ्हाईक अख्खं आयुष्य सांगून मोकळं होतं. म्हटलं, हे लिही की! तर म्हणतो, "त्यात काय लिहायचंय?" काय वाचायला देऊ? लांबलचक नको.

रानवारा:
सँड्रा सिस्नेरोसचं 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट' (1984), डोळे झाकून घ्या. शिकागोतली लॅटिनो वस्ती, बारकी बारकी प्रकरणं. घरात कोणाचे केस कसे, एवढ्यावरच एक प्रकरण आहे, पानभरसुद्धा नाही. वेण्यांच्या दुकानवाल्याला आधी तेवढंच द्या.

तात्या_कोथरूड:
थोडं वाकडं बोलतो. पोराला परग्रहवासी लिहायचे असतील तर? गोऱ्या मुलांनी वाट्टेल ते लिहावं आणि ह्यांनी फक्त आपली दुःखं, हाही जाचच की.

ओवी:
तात्या, परग्रहवासी चालेल हो. पण त्याचंही नाव जॅकच असतं!

तात्या_कोथरूड:
हाहा. मग ऑक्टेव्हिया बटलर. कृष्णवर्णीय बाई, विज्ञानकथेत दबदबा. 'किंड्रेड' (1979) बघा: आजच्या काळातली कृष्णवर्णीय बाई अचानक गुलामगिरीच्या काळात जाऊन पडते.

झुंबर:
वॉल्टर डीन मायर्स कसे सुटले? कृष्णवर्णीय लेखक, वाढले न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, राहायला होते तुमच्या शेजारी जर्सी सिटीत. पुस्तकांत आपल्यासारखं कोणी दिसेना म्हणून ऐन तारुण्यात वाचनावरून मन उडालं होतं. पुढे जेम्स बॉल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाची हार्लेममधली एक कथा हाती लागली. ती काही फार आवडली नाही, पण आपल्या वस्तीवर लिहायची परवानगी मिळाल्यासारखं वाटलं, असं त्यांनी 2014 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलंय. तो लेख वर्गात वाचून दाखवा. मग त्यांचं 'मॉन्स्टर' (1999): खटल्यात अडकलेला सोळा वर्षांचा मुलगा आपली हकीकत पटकथेसारखी लिहितो. माझ्या पुतण्याने एका बैठकीत संपवलं, आणि तो जाहिरातीची पाटीसुद्धा वाचत नाही.

मावळती:
मुलांनी घरची बोली वापरली तर लाल पेन आवरा, एवढंच सांगते. कुजो लुइस हा 1860 साली आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला माणूस. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने अलाबामात त्याच्याकडे बसून त्याची कहाणी त्याच्याच बोलीत उतरवली. प्रकाशक म्हणाले, प्रमाण भाषेत आणा. तिने नाही म्हटलं. 'बॅराकून' छापून आलं 2018 साली, बाई 1960 लाच गेलेली.

देशी मुलांसाठी बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं'. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद आहे. फलटणला किराणा दुकानात बसून लिहायच्या, वह्या घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवलेल्या. ते लिखाण उजेडात यावं म्हणून मागे लागल्या त्या मॅक्सीन बर्नसन, मूळच्या अमेरिकन.

ओवी:
केवढं दिलंत! तात्या, 'किंड्रेड' पंधरा वर्षांच्या मुलांना झेपेल? मारहाण फार आहे म्हणतात.

तात्या_कोथरूड:
झेपेल, पण पालकांना आधी चिठ्ठी पाठवा. आणि चित्रकादंबरीची आवृत्ती घेऊ नका, चित्रांत ते फारच अंगावर येतं.