लूप स्टेजवर थांबतच नाही, शनिवारच्या आत मदत हवी आहे

कराडचा_कीबोर्ड
नमस्कार मंडळी. भक्तिगीतं आणि लोकगीतांचा आमचा ऑर्केस्ट्रा आहे. चैत्रातल्या जत्रा सुरू आहेत, आठवड्याला तीन-तीन सुपाऱ्या. कीबोर्डच्या डावीकडच्या, खालच्या स्वरांच्या पट्ट्यांवर मी सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) टाकलेत: भजनी ठेक्याचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा), हलगीचा लूप, तुतारी आणि एंट्रीचा चार मिनिटांचा ट्रॅक. लूप सुरू होतो, पण थांबत नाही. थांबवायला दाबलं तरी चालूच. कधी कधी तर थांबायच्या ऐवजी भलताच आवाज येतो. घरी शंभर वेळा करून बघितलं, एकदाही चुकत नाही. स्टेजवर गेलं की हेच.

परवा वडूजकडच्या एका जत्रेत अभंग संपला, गायकांनी हात जोडले आणि ठेका आपला वाजतोय. शेवटी मेन व्हॉल्यूम खाली ओढला, तर निवेदनाखाली धरलेले स्वरही गेले. पुढं सगळी वयस्कर मंडळी बसलेली. गायक तेव्हापासून माझ्याशी नीट बोललेले नाहीत. शनिवारी पुढचा कार्यक्रम आहे. सेटिंग सगळं बरोबर आहे, ते विचारू नका. उपाय सांगा.

ठेका_आठ_मात्रा
कीबोर्ड कुठला ते लिहिलंच नाही. कसं सांगणार?

पलूसचा_पॅडवाला
दादा, सॅम्पल कीबोर्डवर ठेवायचेच कशाला? रोलँडचा एसपीडी-एसएक्स घे, काठीनं वाजवायचा सॅम्पलिंग पॅड. नऊ पॅड आहेत. ट्रिगर 'ऑल्टरनेट'वर टाकला की पहिल्या फटक्याला सुरू, दुसऱ्याला बंद. काहीच नाही जमलं तर 'ऑल साउंड ऑफ'चं वेगळं बटण आहे. मी सहा वर्षं जत्रा करतोय, एकदाही लूप अडकला नाही. कीबोर्डवाल्यानं कीबोर्ड वाजवावा.

कराडचा_कीबोर्ड
पॅड घ्यायला आत्ता पैसे नाहीत. शनिवार चार दिवसांवर आलाय.
यामाहाचा मोटिफ एक्सएफ ६ आहे, सेकंडहँड घेतलेला.

विट्याची_मैफल
सस्टेन पेडल बघा आधी. पेडल दाबलेलं असेल तर बोट उचलल्याचा निरोपच आत पोचत नाही, आवाज धरून राहतो. आणि बऱ्याच कीबोर्डांमध्ये पेडलवर पाय असताना पॉवर ऑन केली तर पेडल उलटं चालतं: दाबलं की सुटतं, सोडलं की धरतं. स्टेजवर वायरींच्या गर्दीत पेडलवर काहीतरी पडलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. आमच्याकडे असंच झालं होतं. शंभर टक्के पेडलच.

कराडचा_कीबोर्ड
पेडल मी लावतच नाही.

विट्याची_मैफल
मग लावून बघा, उलटं चालतंय का ते कळेल.

ठेका_आठ_मात्रा
नसलेल्या पेडलचा दोष कसा असेल? उगाच त्यांचा वेळ जातोय.
कराडकर, दोन गोष्टी सांगा. १) लूप सुरू केल्यावर बोट उचलता का, की दाबून धरता? २) थांबवण्यासाठी नेमकं काय दाबता?

कराडचा_कीबोर्ड
बोट उचलतो. दोन्ही हात वर हार्मोनियम आणि स्ट्रिंग्जवर असतात, धरून कसा बसणार? एका मित्रानं बसवून दिलंय. सगळे सॅम्पल ड्रम व्हॉइसमध्ये (प्रत्येक पट्टीवर वेगळा आवाज) आहेत, 'रिसीव्ह नोट ऑफ' बंद केलंय, म्हणून बोट उचललं तरी लूप चालू राहतो. थांबवायला सगळ्यात खालच्या सी वर (पांढरी एक) रिकामा सॅम्पल ठेवलाय. तो वाजला की लूप थांबतो. घरी बरोबर थांबतो, म्हणून तर डोकं चालेना.

ठेका_आठ_मात्रा
हे आधीच लिहायचं होतं. तुमच्या मित्रानं काम चांगलं केलंय. रिकामा सॅम्पल आणि लूप एकाच 'ऑल्टरनेट ग्रुप'मध्ये असणार. त्या ग्रुपमधला एक आवाज आला की दुसरा तुटतो. बंद हाय-हॅट वाजली की उघडी थांबते, तीच युक्ती. ग्रुपचा नंबर दोन्हीकडे तोच आहे ना, बघा.

कराडचा_कीबोर्ड
तोच आहे. दोन्हीकडे १. म्हणून तर घरी थांबतो!!

मिरजेचा_जवारीवाला
मंडळी, राग मानू नका, पण अभंगाला लूप हवाच कशाला? गायक एखादी ओळ दोनदा घेतो, मध्येच आलाप करतो, लय किंचित मागं ओढतो. पखवाजवाला त्याच्या तोंडाकडे बघून वाजवतो. यंत्र कुणाकडे बघणार? आमच्या मिरजेत तंबोऱ्याची एक जवारी (तारेचा गुंजणारा नाद) लावायला कारागीर तासन् तास बसतो, दोरा सरकवतो, ऐकतो, परत सरकवतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या कानामुळं. तुमच्या भागात पखवाजवाले नाहीत का?

पलूसचा_पॅडवाला
आहेत, पण जत्रेच्या सुपारीत चार माणसांचं मानधन निघत नाही. गाडी, साऊंड, जेवण गेल्यावर हातात काय उरतं ते आम्हाला विचारा. लूप हौसेनं वाजवत नाही कुणी.

मिरजेचा_जवारीवाला
ते मान्य आहे. पण तुम्ही लूप लावल्यानं ज्या पोराची हजेरी बुडते, त्याच्या घरीही चूल असते.

ढोलकी_औंध
मी ढोलकीवाला आहे म्हणून बोलतो. लूप असला तरी मला बोलावतात, मी वर भरतो. त्रास लूपचा नसतो, तो चुकीचा कापलेला असतो त्याचा आहे. ९६ च्या लयीत आठ मात्रांना बरोबर ५ सेकंद लागतात. फाईल त्याहून केसभर लांब असली की प्रत्येक आवर्तनाला समेवर दचका बसतो, आणि दहा आवर्तनांत माझा हात आणि लूप वेगळे पडतात. बरेच जण एमपी३ वरून लूप करतात. एमपी३ करताना फाईलच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, ती कानाला कळत नाही पण ठेक्याला कळते. वेव्ह फाईल घ्या, ४४.१ किलोहर्ट्झवर ५ सेकंद म्हणजे २,२०,५०० सॅम्पल (इथं सॅम्पल म्हणजे आवाजाचे मोजलेले बिंदू), तिथंच कापा.

नवखा_कोरेगाव
हे लूप कुठं मिळतील? कुणीतरी पाठवा ना. मी नवीन कीबोर्ड घेतोय, ६१ चा घेऊ की ७६ चा?

साऊंड_वाळवा
जनरेटरचं बघा आधी. व्होल्टेज खालीवर झालं की डिजिटल वस्तू वेड्यासारखं करतात. छोटा यूपीएस लावा. आणि एक्सएफमध्ये फ्लॅश बोर्ड (लाईट गेली तरी सॅम्पल टिकवणारी जादा मेमरी) बसवलेला नसेल तर सॅम्पल १२८ एमबीच्या रॅममध्ये असतात, लाईट गेली की सगळे पुसले जातात. ऑटो लोडची सोय आहे, पेनड्राइव्ह मागं लावूनच ठेवा. ४४.१ आणि १६ बिटला स्टिरिओचं एक मिनिट म्हणजे दहा एमबीच्या वर जातं, म्हणजे त्यात साडेबारा मिनिटंच बसतात. लूप मोनो करा, जागा निम्मी लागते आणि जत्रेच्या साऊंडवर फरक कळत नाही.

विट्याची_मैफल
मोनोनं टाळांचा पसारा जातो. मी कधीच करणार नाही.

साऊंड_वाळवा
जत्रेत डावीकडचा भोंगा देवळाकडे आणि उजवीकडचा मैदानाकडे असतो. स्टिरिओ केलात तर निम्म्या लोकांना टाळ ऐकूच येणार नाहीत. मी लावतो ते स्पीकर, मला माहीत आहे.

काळी_चार_तासगाव
सगळं वाचलं. कराडकर, मला एकच सांगा. तुमचे गायक कुठल्या पट्टीत गातात?

कराडचा_कीबोर्ड
त्याचा इथं काय संबंध? दोघं आहेत. एकाची काळी एक, एकाची काळी दोन.

काळी_चार_तासगाव
आणि तुम्ही घरी पांढरी एकमध्ये बसवता, स्टेजवर ट्रान्सपोज (पट्टी वरखाली सरकवायचं बटण) दाबता. बरोबर?

कराडचा_कीबोर्ड
हो. सगळेच दाबतात.

काळी_चार_तासगाव
मग सापडलं. ट्रान्सपोज फक्त हार्मोनियमला लागत नाही, कीबोर्डमधून जाणारा प्रत्येक स्वरच सरकतो, सॅम्पलवाल्या भागातलासुद्धा. निवेदन चालू असताना तुम्ही लूप सुरू करता, तेव्हा ट्रान्सपोज शून्यावर. गायक येऊन पट्टी सांगतो, तुम्ही ट्रान्सपोज वाढवता. लूप आधीच सुरू झालेला, तो मजेत चालू राहतो. शेवटी तुम्ही खालचा सी दाबता, पण काळी एकला आत सी शार्प पोचतो, काळी दोनला डी शार्प. रिकाम्या सॅम्पलपर्यंत तुमचं बोट पोचतच नाही. तुमच्या सी शार्प आणि डी शार्पवर काय ठेवलंय?

कराडचा_कीबोर्ड
सी शार्प मोकळा आहे. डी वर भजनी ठेका.
डी शार्पवर तुतारी.
काळी दोनवाले गायक असतात तेव्हाच तुतारी वाजते. काळी एकला काहीच होत नाही. आत्ता लावून बघितलं. अगदी तसंच.

ढोलकी_औंध
वा! शाबास तासगाव.

काळी_चार_तासगाव
माझ्यावर २ वर्षांपूर्वी ही वेळ आली होती, एका लग्नात, वरमाला हातात असताना. तेव्हापासून कुणी अडलं की आधी पट्टी विचारतो.

आता उपाय. ट्रान्सपोजच्या बटणाला हात लावू नका. परफॉर्मन्समध्ये (एकत्र सेव्ह केलेल्या आवाजांच्या संचात) हार्मोनियम, स्ट्रिंग्ज, बासरी हे वेगवेगळे पार्ट असतील, त्या प्रत्येकाला स्वतःचं 'नोट शिफ्ट' (फक्त त्याच पार्टचे स्वर सरकवायचं सेटिंग) आहे. काळी एकसाठी एक परफॉर्मन्स बनवा, त्या पार्टना +१. काळी दोनसाठी दुसरा, +३. सॅम्पलचा पार्ट दोन्हीत शून्यावरच. गाण्याच्या आधी परफॉर्मन्स निवडा, मग लूप सुरू करा. लूप चालू असताना परफॉर्मन्स बदलू नका, बदलताना आवाज तुटू शकतो.

ठेका_आठ_मात्रा
याच्या जोडीला दोन गोष्टी. सॅम्पलच्या पार्टची पातळी एका वेगळ्या स्लायडरवर ठेवा. रिकाम्या सॅम्पलनं लूप थाडकन तुटतो, अभंगाच्या शेवटी ते कानाला लागतं. आधी स्लायडर सावकाश खाली, मग खालचा सी. आणि काही बिघडलंच तर मेन व्हॉल्यूमला हात न लावता फक्त सॅम्पल बंद करता येतात, निवेदनाखालचे स्वर राहतात.

चार मिनिटांचा ट्रॅक एकाच ठिकाणी ठेवू नका. तो मधूनच सुरू करता येत नाही. पाहुणे उशिरा आले, सत्कार लांबला, की पुन्हा पहिल्यापासून. त्याचे तीन तुकडे करा: तोंड, मधला भाग, शेवट. मधल्या भागाला लूप द्या. निवेदक थांबेपर्यंत तो फिरत राहील, मग शेवट दाबायचा. तिन्ही एकाच ऑल्टरनेट ग्रुपमध्ये, म्हणजे एक लागला की आधीचा आपोआप थांबतो. पण लूपचा ग्रुप १ आहे, याला २ द्या, नाहीतर ट्रॅक लागला की ठेकाही तुटेल.

पलूसचा_पॅडवाला
इतका खटाटोप करण्यापेक्षा पॅड सोपा. तिथं ट्रान्सपोजचा प्रश्नच येत नाही.

काळी_चार_तासगाव
हे मात्र खरं आहे. पैसे झाले की बघा.

कराडचा_कीबोर्ड
शनिवार झाला. दोन परफॉर्मन्स केले, खालच्या सी वर लाल टेप चिकटवली. एंट्रीच्या ट्रॅकचा ग्रुप २ केला. काळी दोनवाल्यांचा अभंग शेवटच्या ओळीवर आला, मी स्लायडर खाली घेत गेलो, ठेका त्यांच्या आवाजाखाली विरत गेला आणि टेपवर बोट ठेवलं. एकदम शांत. नुसता त्यांचा सूर उरला होता. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तासगावकर, तुमचे उपकार आहेत. ढोलकी_औंध, तुम्ही म्हणालात तो समेवरचा दचका माझ्या हलगीच्या लूपमध्ये आहे, आता ऐकू यायला लागलाय. ती फाईल मोबाईलवर रेकॉर्ड केलेली, ४८ किलोहर्ट्झची आहे. ४४.१ ला कशी करायची, लय न बदलता?

ढोलकी_औंध
कन्व्हर्ट करा, नुसतं नाव किंवा सेटिंग बदलू नका. तसं केलं तर फाईल आठ टक्क्यांनी संथ होते आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन खाली येतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात प्रोजेक्ट रेट ४४१०० करून एक्सपोर्ट करा, मग कापा. आधी कापून मग कन्व्हर्ट करू नका, पुन्हा दचका येईल.

नवखा_कोरेगाव
लूपचं कुणीच सांगितलं नाही.

ढोलकी_औंध
औंधला ये. मी वाजवतो, तू रेकॉर्ड कर.