दुसरा फ्लॅट घेऊन टॅक्स वाचतो म्हणे. कुणाचा वाचला?

हिशेबी_माणूस
परवापासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, इथेही कुणीतरी डकवली होती. सार असं: भाड्याने द्यायला दुसरा फ्लॅट घ्या, कर्ज जास्तीत जास्त काढा, व्याजाला मर्यादा नाही, सगळं पगारातून वजा होतं, ईएमआय भाडेकरू भरतो आणि टॅक्स शून्य. खाली अंगठ्यांचा पाऊस. दुर्लक्ष करणार होतो, पण माझ्या चुलतभावाने हे वाचून हिंजवडीजवळ टोकन देऊन टाकलं. तेव्हा लिहितोच.

भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला मर्यादा नाही हे खरं, पण पोस्टकर्त्याने वाक्य अर्ध्यातच सोडलंय. व्याजामुळे जो तोटा निघतो तो पगारातून वर्षाला फक्त २ लाखांपर्यंत वळता होतो. २०१७ च्या बजेटपासून. तोही आयकराच्या जुन्या प्रणालीत, जिथे वजावटी मिळतात पण दर जास्त. नव्या प्रणालीत, जी २०२३-२४ पासून तुम्ही काही न निवडताही लागू होते, पगारातून एक रुपया वजा होत नाही.

आकडे घ्या. ६० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. ईएमआय ५२ हजार. पहिल्या वर्षी व्याजच ५ लाख ५ हजार. भाडं २५ हजार म्हणजे वर्षाचे ३ लाख. त्यातून घरपट्टी १५ हजार गेली, उरलेल्याच्या ३० टक्के प्रमाणित वजावट (दुरुस्ती वगैरेसाठी) गेली, राहिले १,९९,५००. त्यातून व्याज काढा. तोटा ३ लाख साडेपाच हजार. जुन्या प्रणालीत २ लाख पगारातून गेले, ३० टक्क्यांच्या स्लॅबला सेस (करावरचा उपकर) धरून वाचले ६२,४००. वरचे १ लाख साडेपाच हजार पुढची ८ वर्षं ओढायचे, तेही फक्त घरभाड्याच्या उत्पन्नासमोर. आणि पहिली काही वर्षं तिथेही तोटाच असणार, मग वळते कशासमोर करणार?

आता खिशातून गेलं किती ते पाहा. ईएमआयचे ६ लाख २५ हजार, आले ३ लाख. वर सोसायटीचा मेंटेनन्स, जो सहसा वेगळा वजा होतच नाही. ६२ हजार वाचवायला सव्वातीन लाख घालायचे, याला प्लॅनिंग म्हणतात?

पॉपकॉर्नवाला
खुर्ची टाकून बसलोय. वाकडकर आले की हाक मारा.

वाकडकर
आलो. वर्षातून दोनदा हा धागा निघतो आणि दर वेळी फ्लॅट न घेतलेले लोक फ्लॅट घेतलेल्यांना हिशेब शिकवतात.

साहेब, त्या सव्वातीन लाखांत मुद्दल किती? पहिल्या वर्षीच जवळपास १ लाख २० हजार. ते काय पाण्यात गेलं? दुसरं, ३ लाख भाड्यावर टॅक्स किती बसला? शून्य. तुमच्याच आकड्यांनी, आणि नव्या प्रणालीतसुद्धा, कारण भाड्यातून व्याज तिथेही वजा होतं. तेच ३ लाख एफडीचं व्याज असतं तर ३० टक्केवाल्याचे ९३,६०० गेले असते. आणि ती ३० टक्के वजावट सरकार बिल न मागता देतं. रंग काढा नाही तर काढू नका. दुसऱ्या कुठल्या उत्पन्नावर अशी सूट आहे सांगा.

माझे भाड्याने दिलेले दोन आहेत. पहिल्याचं कर्ज फिटलं, त्याचं भाडं दुसऱ्याच्या व्याजात जिरतं. दोन्ही घरं उत्पन्नाच्या एकाच शीर्षाखाली (घरापासूनचं उत्पन्न) येतात, तिथे २ लाखांची मर्यादा आडवी येत नाही. हे तुमच्या चुलतभावाला सांगितलंत का?

हिशेबी_माणूस
शेवटचा मुद्दा बरोबर आहे. पण तो दुसरा फ्लॅट घेणाऱ्याला नाही, तिसरा घेणाऱ्याला लागू आहे. पोस्ट पगारदाराला उद्देशून होती. त्याच्याकडे जिरवायला पहिलं भाडंच नाही.

आणि जुन्या प्रणालीत राहणंही फुकट नाही. पगार २४-२५ लाखांच्या वर असेल तर पगारावरची प्रमाणित वजावट सोडून साधारण ८ लाखांच्या वजावटी जमल्या तरच जुनी परवडते. ८०सी चे (पीएफ, विमा वगैरे) दीड लाख, घराच्या तोट्याचे २, मेडिक्लेमचे २५ हजार. झाले पावणेचार. बाकीचे कुठून आणणार? एचआरए, म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता, तगडा असेल तरच.

मनीषा_ठाणे
मुळात फ्लॅट कुणाच्या नावावर घ्यायचा इथून सुरुवात करायला हवी, ते सगळे विसरतात. आमच्या नात्यात एकांनी ‘टॅक्स वाचतो’ म्हणून फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला. पैसे सगळे यांचे, ती घरी. भाडं तिच्या खात्यात येतं, रिटर्नही तिचा वेगळा भरत होते. नोटीस आल्यावर कळलं की नवऱ्याच्या पैशातून बायकोच्या नावावर घेतलेल्या घराचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. चार वर्षांचं व्याजासकट भरलं.

आम्ही दोघं कमावतो. दोघं मालक, दोघं कर्जदार, ईएमआय दोघांच्या खात्यातून निम्मानिम्मा. तोट्याची २ लाखांची मर्यादा प्रत्येकाला वेगळी. पण हे ॲग्रीमेंटच्या आधी ठरवावं लागतं. नंतर नाव घालायचं म्हणजे गिफ्ट डीड नि सब-रजिस्ट्रारकडे पुन्हा हेलपाटे.

कोरडवाहू
बायकोऐवजी वडिलांच्या नावावर घ्यावं. आईवडिलांना दिलेल्या पैशावरचं उत्पन्न आपल्यात धरत नाहीत, आणि नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत त्यांना टॅक्सच नाही. आमच्या सीएने हाच सल्ला दिला, मी आनंदाने ऐकला. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावर नगरला दोन बीएचके घेतला, पैसे माझे.

दादा गेले. मृत्युपत्र नाही. आता सातबारा जसा वाटला जातो तसा माझा फ्लॅट आई, मी, भाऊ आणि दोन बहिणी असा पाच जणांत. बहिणी म्हणतात आम्हाला काही नको, पण हक्कसोडपत्रावर सही करायची वेळ आली की कुणाच्या तरी घरी लग्न निघतं. भावाने तर सरळ विचारलं, पैसे तुझे होते याला पुरावा काय? टॅक्स वाचला, बरं का. पुरेपूर वाचला.

वाकडकर
@कोरडवाहू, यात फ्लॅटचा काय दोष? मृत्युपत्र करून घ्यायचं.

कोरडवाहू
तुम्ही म्हणून बघा हो स्वतःच्या वडिलांना, ‘दादा, तेवढं मृत्युपत्र करून टाका.’

भाडेकरू_कायमचा
सगळे मालकच बोलताय, तर माझंही ऐका. वाकडकरांच्या पट्ट्यातच राहतो. खरं भाडं २७ हजार. रजिस्टर्ड करारात १८. वरचे ९ दर महिन्याच्या ५ तारखेला रोख, पाकिटात. मालकांचे जावई ॲक्टिव्हावर येतात, हेल्मेट न काढता दारातच नोटा मोजतात, एखादी फाटकी निघाली की बदलून मागतात. भाडं वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी मालकाचा पॅन लागतो. तो मागितला तर म्हणाले, ‘पॅन हवा असेल तर भाडं ३० होईल.’

तुमचं टॅक्स प्लॅनिंग म्हणजे हेच ना शेवटी? वरच्या ९ हजारांवर मालक टॅक्स चुकवणार आणि माझा एचआरए बुडणार.

वाकडकर
एका माणसाने केलं म्हणून सगळे मालक चोर? माझे दोन्ही करार पूर्ण रकमेचे आहेत, भाडं खात्यात येतं. आणि भाडेकरूंचं पुराण मीही सांगू का? एकजण तीन महिन्यांचं वीजबिल थकवून रात्रीत गेला. ओट्याचा ग्रॅनाइट तडकलेला, गॅलरीच्या जाळीत कबुतरांची वसाहत. डिपॉझिट पुरलं नाही. त्याचा पॅन होता माझ्याकडे, त्याचं लोणचं घालू?

हिशेबी_माणूस
मालकांच्या हुशारीचा हिशेब तरी करू. महिन्याचे ९ हजार लपवले, ११ महिन्यांचे ९९ हजार. करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे वाचले अडीचशे रुपये. आयकरात आधी ३० टक्के वजावट मिळालीच असती, उरलेल्या ६९,३०० वर फार तर साडेएकवीस हजार. कर्जाचं व्याज चालू असेल तर बहुधा शून्यच. म्हणजे ज्याला टॅक्स बसणारच नव्हता तोही सवयीने रोख घेतो. आणि वरच्या ९ हजारांची पावती नाही, तेव्हा भाडेकरूने ते थकवले तर मागणार कशाच्या जोरावर? करारात तर १८ च आहेत.

भाडेकरू_कायमचा
मग माझे बुडतात त्याचं काय? तुम्ही त्यांचाच हिशेब करताय.

सी_विंग_सचिव
भाडेकरूंनी मालकांशी काय ते बघून घ्यावं, पण सोसायटीच्या डोक्याला ताप होतो त्याचं कुणीच बोलत नाही. पुण्यात घरमालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरतात. आमच्या विंगेत कितीतरी फ्लॅटांत भाडेकरू आहेत, आणि सवलत मात्र ‘स्वतः राहतो’ म्हणून. पडताळणीला माणूस आला की मला फोन: ‘सचिव, तेवढं सांभाळून घ्या.’ मी का सांभाळू?

वाकडकर
तुम्ही बोलू नका. सोसायट्या भाड्याच्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) किती लावतात ते सांगा आधी. माझ्याकडून महिना २ हजार घेतात. शासनाचा २००१ चा निर्णय आहे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. माझं सेवाशुल्क ३ हजार. दहा टक्के किती होतात, शिकवू का?

सी_विंग_सचिव
सर्वसाधारण सभेत ठराव झालाय. तुम्ही सभेला येत नाही.

मनीषा_ठाणे
ठरावाने शासनाच्या आदेशाच्या वर जाता येत नाही, सचिव. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे एक अर्ज केला तर व्याजासकट परत द्यायची वेळ येईल. आणि जवळचे नातेवाईक राहत असतील तर हा आकार लावताच येत नाही. आमच्या सोसायटीने माझ्या आईवडिलांना ‘भाडेकरू’ ठरवलं होतं. आई सभेतच उभी राहिली, पुढच्या महिन्यात बिलातून ती ओळ गायब.

सी_विंग_सचिव
ताई, लिफ्ट बिघडली की रात्री साडेअकराला फोन मला येतो, मालकाला नाही. बॅचलर पोरं ठेवून मालक बाणेरला मोकळे. दहा टक्क्यांत वॉचमनचा चहाही होत नाही.

भाडेकरू_कायमचा
आला का बॅचलरांवर! पार्किंग शेवटच्या नंबरवर, क्लबहाउस बंद, लिफ्टमध्ये सामान नेलं की वेगळे ५०० रुपये. २ हजार मालक देतो म्हणे. खोटं आहे, ते माझ्या भाड्यातच धरलेले असतात.

न्यूजर्सी_नाना
इथे आम्हा परदेशवाल्यांचं कुणी बोलत नाही. आमच्या फ्लॅटच्या भाड्यावर भाडेकरूने टीडीएस (भाडं देतानाच त्यातून कर) कापायचा असतो, ३१.२ टक्के, भाडं किती का असेना. त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागतो. निवासी मालकाला महिना ५० हजारांच्या वरच्या भाड्यावर फक्त २ टक्के. आमचा भाडेकरू भला माणूस, पण हे ऐकल्यावर म्हणाला, ‘नाना, मी दुसरं घर बघतो.’ शेवटी कमी दराने कापायचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळवलं, तेव्हा सुटलो. ते मिळेपर्यंत पाडवा, दसरा, दिवाळी सगळं झालं.

पॉपकॉर्नवाला
मूळ विषय काय होता हो?

हिशेबी_माणूस
विकताना काय, हा होता पुढचा मुद्दा. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. त्याआधी घेतलेलं घर असेल तर निवासी माणसाला २० टक्के इंडेक्सेशनसह हा पर्याय आहे. नानांना नाही. वाकडकर, तुमचा पहिला फ्लॅट कधीचा?

वाकडकर
२००६. २२ लाख. आज १ कोटी १० लाखांना गिऱ्हाईक आहे, म्हणजे तुमच्या एसआयपीची काळजी नको.

हिशेबी_माणूस
२००६-०७ चा महागाई निर्देशांक १२२, २०२५-२६ चा ३७६. तुमचे २२ लाख होतात ६७.८. नफा ४२.२, त्याच्या २० टक्के म्हणजे ८ लाख ४४ हजार. सरळ १२.५ टक्के धरलं तर ८८ लाखांवर ११ लाख. म्हणजे अडीच लाख वाचले, पण तुम्ही जुने म्हणून. चुलतभाऊ आज घेईल त्याला हा पर्याय नाही. ज्या जोरावर तुम्ही मिशीला पीळ देताय, तो जोर पुढच्यांना मिळणार नाही, एवढंच म्हणायचंय.

वाकडकर
बरं बाबा, तुमचं खरं. आज पगारदाराने केवळ टॅक्ससाठी दुसरा फ्लॅट घेऊ नये. लिहून देऊ का स्टॅम्प पेपरवर? टॅक्ससाठी घर घेणारा मला तरी अजून भेटला नाही. पोरांना दोन घरं ठेवून जायची असतात माणसाला. आणि नफा नव्या घरात घातला तर ते ८ लाख ४४ हजारही नाही भरणार, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

कोरडवाहू
पोरांना दोन घरं ठेवा, वाकडकर. पोरं किती आहेत?

वाकडकर
तीन.

भाडेकरू_कायमचा
गिऱ्हाईक मिळेपर्यंत रिकामा असेल तर मला द्या की. २७ देतो, सगळे खात्यात. पॅन मात्र पहिल्या दिवशी.

वाकडकर
२८. आणि ग्रॅनाइट नवीन आहे.